गळती नुसती 'बघायचे' साडेचार हजार? पूर्ण पावसाळा काढून झाल्यावर लिहितेय (गोडोली, सातारा)

दिवाळीच्या साफसफाईला माळा काढला आणि दहा-बारा वर्षांत पहिल्यांदा तिथल्या गोधड्यांना कुबट वास आला नाही, म्हणून म्हणलं आता लिहायला हरकत नाही. मे महिन्यातच लिहिणार होते पण आमच्या नानांनी (सासरे) अडवलं, म्हणाले पाऊस जाऊ दे मग कौतुक कर. बरोबरच होतं त्यांचं.

तर विषय असा की घराच्या छताची तपासणी, फक्त तपासणी, दुरुस्ती नाही, असं काम करणारा एक सिव्हिल इंजिनिअर मुलगा आहे साताऱ्यात, कराडच्या गव्हर्नमेंट कॉलेजातून शिकलेला, बरोबर एक हेल्पर, एक ड्रोन आणि एक ओल मोजायचं मशीन. आम्ही गोडोलीतलं घर त्याच्याकडून तपासून घेतलं आणि मेढ्याच्या पुढं गावाकडं आमचं जुनं कौलारू घर आहे तेही. दोन्हीचे अनुभव वेगवेगळे आलेत, एक लय भारी आणि एक जरा फुसका. नाव इथं टाकत नाही कारण खाली तक्रारी पण लिहिल्यात आणि सातारा एवढंसं आहे, पोवई नाक्यावर रोज कोण ना कोण भेटतंच.

आधी आमची रड ऐका. घराचा स्लॅब १९९६ चा. हॉलचा कोपरा, जिथं टीव्ही आहे त्याच्या वरचा, दर जूनला ओला व्हायचा, जुलैत पोपडे सुटायचे, ऑगस्टमध्ये त्यावर काळी बुरशी, आणि दसऱ्याला मिस्टर पुट्टी मारून रंग लावायचे. मग परत जून. मिस्टर पुण्याला नोकरीला, शनिवार-रविवार घरी, त्यामुळं सगळे उपाय शनिवारी-रविवारी. तीन वर्षं ओळीनं ते पांढरं वॉटरप्रूफिंगचं केमिकल, वीस लिटरची बादली, दोन हात इकडून दोन हात तिकडून, डबाभर डोक्यावर सांडून घेतलेलं वेगळंच. टेरेस एकदम दुधासारखा पांढरा दिसायचा, अजिंक्यताऱ्यावरून आमचंच घर ओळखू येईल इतका. गळती जशीच्या तशी.

मग कुणीतरी सांगितलं म्हणून एका वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावलं, इन्स्पेक्शन फ्री होतं. माणूस बोलायला गोड. टेरेसवर दहा मिनिटं फिरला, बुटाच्या टाचेनं दोन ठिकाणी ठोकलं, खाली येऊन चहा घेतला आणि म्हणाला वहिनी सगळा कोबा गेलाय, पूर्ण फोडायचा, नवीन मेम्ब्रेन टाकायचं, वर परत कोबा, एक लाख पंच्याऐंशी हजार. हॉलमध्ये जाऊन तो कोपरा त्यानं बघितला पण नाही! नाना म्हणाले हा डॉक्टर पेशंटची जीभ न बघता डायरेक्ट ऑपरेशनची तारीख देतोय.

आता फक्त बघायचे पैसे द्यायचे ही कल्पना आमच्या डोक्यात आली कुठून, तर माझ्या दिराकडून. भावजी अमेरिकेत, मिनियापोलिसला असतात, तिथं नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत बर्फ. २०२४ च्या दिवाळीत व्हिडिओ कॉलवर गप्पा चालल्या होत्या, मी गळतीचं रडगाणं लावलं तर ते म्हणाले वहिनी आमच्याकडं पण तेच, आत्ताच पावणेतीनशे डॉलर भरून छत तपासून घेतलं. मी म्हणलं नुसतं तपासायला? मग त्यांनी रिपोर्टच पाठवला, चौतीस पानांचा पीडीएफ, प्रत्येक पानावर फोटो आणि फोटोवर बाण.

त्यांचीही गोष्ट अशीच निघाली. मागच्या हिवाळ्यात बेडरूमच्या छताला डाग पडले, एका रूफिंगवाल्यानं फुकट इन्स्पेक्शन करून सांगितलं पूर्ण छप्पर बदला. मग शेजाऱ्यानं सांगितलं की जो दुरुस्ती करतच नाही असा माणूस बोलव. तो आला ऑक्टोबरमध्ये, बर्फ पडायच्या आधी, आणि छतावर जेवढा वेळ होता त्याहून जास्त वेळ माळ्यावर घालवला. म्हणजे तिकडं उतरतं छप्पर आणि खोलीचं सीलिंग यांच्यामधला जो पोकळ माळा असतो तिथं, गुडघ्यावर रांगत.

कारण तिकडच्या गळतीचा खेळच वेगळा आहे, आणि तो मला रिपोर्ट वाचून कळला नाही, सुभेदार काकांमुळं कळला. हे नानांचे मावसभाऊ, फौजेतून रिटायर, द्रासला बर्फात हिवाळे काढलेले. आम्ही रात्री जेवण झाल्यावर मोबाइलवर ते फोटो बघत बसलो होतो, छताच्या काठाला बर्फाचे हातभर सुळे लोंबतायत असा एक फोटो होता, मी म्हणलं काय सुंदर दिसतंय, तर काका म्हणाले, "आगं सूनबाई, ती शोभा न्हाई, ती बिमारी हाय. आमच्या ब्यारकीत आतनं बुखारी पेटवली की पत्रा तापायचा, वरचा बर्फ खालनं पाघळायचा, पाणी घसरत काठाला यायचं आणि काठ तर थंडगार, तिथं परत थिजायचं. मग मागनं येणाऱ्या पाण्याला वाटच न्हाई. बांध घातल्यागत. ते शिरायचं आत, कुणाच्या तरी बिस्तऱ्यावर."

नाना लगेच म्हणाले, म्हणजे आढ्याचं पाणी वळचणीला जातं म्हणतात ते तिकडं लागू नाही! खरंच, एका म्हणीत सगळा रिपोर्ट आला. आपल्याकडं आढ्यावरून निघालेलं पाणी वळचणीवरून पागोळ्या होऊन अंगणात पडतं. तिकडं घरातली ऊब माळ्यात चढते, आढ्याजवळचा बर्फ वितळतो, पाणी वळचणीपर्यंत येतं, पण वळचण भिंतीच्या बाहेर, तिच्याखाली ऊब नाही, म्हणून तिथं गोठतं आणि धरण होतं. मागं साठलेलं पाणी त्या डांबरी शिंगल्सच्या (तिकडं कौलांच्या जागी असतात त्या चपट्या चकत्या) खालून उलटं वर चढतं. शिंगल्स वरून येणारं पाणी अडवायला असतात, खालून चढणारं नाही. त्यामुळं इन्स्पेक्टर माळ्यात जाऊन बघतो की ऊब कुठून निसटतेय. भावजींच्या घरी दोन गोष्टी सापडल्या, एक म्हणजे बेडरूमवरचा इन्सुलेशनचा थर पातळ झालेला आणि माळ्यावर जायच्या झाकणाच्या कडेनं फट, आणि दुसरी म्हणजे बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनचा पाइप छताबाहेर न काढता माळ्यातच सोडून दिलेला! म्हणजे अंघोळीची वाफ सगळी माळ्यात. त्यानं सांगितलं की कडाक्याच्या थंडीत इथल्या खिळ्यांच्या टोकांवर दव गोठलेलं दिसेल, आणि जानेवारीत भावजींनी वर जाऊन बघितलं तर खिळ्यांना पांढऱ्या टोप्या. शिवाय चिमणीच्या बुडाशी जी पत्र्याची पट्टी असते ती एका बाजूनं उचकटलेली, ती बसवून घेतली. छप्पर बदलायची गरजच नव्हती, अजून काही वर्षं जाईल म्हणाला. वर हेही लिहिलं होतं की कुऱ्हाड-हातोड्यानं बर्फ फोडायला छतावर चढू नका, जमिनीवर उभं राहून लांब दांड्याच्या खोऱ्यानं काठाचा बर्फ ओढून काढा, आणि जड बर्फ पडल्यावर घरातले दरवाजे अचानक अडकायला लागले किंवा छतातून कडकड आवाज आला तर घराबाहेर पडा आणि फोन करा.

(दरवाजे अडकायला लागले वाचून मी दचकलेच, आमच्या बाथरूमचा दरवाजा दर पावसाळ्यात अडकतो. पण तो लाकूड फुगून. आमच्या इंजिनिअरनं नंतर हसून सांगितलं.)

तर तेव्हापासून डोक्यात होतं, की असा न विकणारा माणूस आपल्याकडं कोण? दोन-चार महिने विचारत राहिले आणि शाळेतल्या एका बाईंच्या भाच्याकडून या मुलाचा नंबर मिळाला. फोनवर पहिलं वाक्य त्याचं हेच, "मॅडम मी फक्त सांगतो, काम करत नाही, आणि कुठल्या गवंड्याला द्यायचं तेही सांगत नाही." घराचे साडेचार हजार, गावच्या घराचे तीन हजार वेगळे आणि पेट्रोल. नाना पुटपुटले साडेचार हजारात चौथी बादली आली असती. मी म्हणलं नाना, तीन आल्याच आहेत.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आला (दोनदा तारीख चुकवून, त्यावर खाली बोलते). मला वाटलं येईल आणि सरळ जिना चढेल. नाही. आधी हॉलमध्ये खुर्ची घेऊन बसला आणि प्रश्न. पहिल्या पावसातच गळतं का दोन-तीन दिवस झड लागल्यावर? पाऊस थांबला की किती वेळानं थांबतं? डाग वरून खाली येतो का खालून वर जातो? आणि मग विचारलं, उन्हाळ्यात कधी ओल दिसली का. मी नाही म्हणणार होते तेवढ्यात आठवलं, फेब्रुवारीत हळदी-कुंकवाला बायका येणार म्हणून त्या कोपऱ्यात कॅलेंडर हलवून लावलं होतं, डाग झाकायला. रथसप्तमीच्या दरम्यान. तेव्हा कुठला पाऊस! तो म्हणाला झालं, अर्धं काम झालं. पाऊस नसताना ओल म्हणजे पाणी आपलंच आहे.

मग ओलीचं मशीन भिंतीला लावत लावत खडूनं खुणा करत गेला, कोपरा, त्याच्यावर माळा, माळ्याची मागची भिंत. मग टेरेस. हातोडीनं कोबा ठोकत पूर्ण टेरेस फिरला, अगदी फूट-फूट, आणि मला पण ऐकायला लावलं, चांगल्या जागी टणक वाजतं, कोबा सुटलाय तिथं बद्द वाजतं, कलिंगड बघतो ना आपण तसं. बद्द आवाज आला तो फक्त एका कोपऱ्यात, पावसाचं पाणी खाली न्यायचा पाइप आहे त्याच्या तोंडाशी, तीन-चार फुटांत. बाकी सगळा कोबा ठणठणीत. एक लाख पंच्याऐंशी हजार!!

आणि त्या पाइपच्या तोंडाशी काय, तर मिस्टरांच्या तीन वर्षांच्या केमिकलचे थर. थरावर थर बसून तोंडाभोवती उंचवटा झालेला, पाइपचं भोक निम्मं बुजलेलं, पाणी जायच्या जागेलाच चढ. तो म्हणाला टेरेसला शंभर फुटाला फूटभर तरी उतार पाहिजे पाइपकडं, तुमच्याकडं शेवटचे दोन फूट उलटे आहेत. लेव्हल ट्यूब लावून दाखवलं. नाना वर आले नव्हते ते बरं झालं, आणि मिस्टर पुण्यात होते तेही.

पण खरी मजा त्याच्या पुढं. टाकीचा बॉलकॉक नीट बंद होत नव्हता, सकाळी नळाला पाणी आलं की टाकी भरायची आणि ओव्हरफ्लो थेट टेरेसवर, बारीक धार, कुणाच्या लक्षात येणार नाही अशी, आणि ती धार पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कडेनं बरोब्बर त्या पाइपकडं. त्यानं एका बादलीत लाल रंग कालवला, पाइपच्या तोंडाला बोळा घातला आणि ते लाल पाणी तिथं ओतून ठेवलं. मला म्हणाला आता तुम्ही माळ्यावर टॉर्च घेऊन बसा. दीड तास! मी आपली स्टुलावर उभी, डोकं माळ्यात, समोर पितळेचे हंडे, गणपतीचं थर्माकोलचं जुनं मखर, आज्जींची गोधडी. कंटाळून उतरणारच होते तर गोधडीच्या पांढऱ्या ठिगळावर एक गुलाबी ठिपका. एवढासा, कुंकवाच्या बोटासारखा. वर बघितलं तर स्लॅब आणि भिंतीच्या सांध्यात थेंब लटकलेला, फिकट गुलाबी, पडायच्या तयारीत. मी एवढ्या जोरात ओरडले की नानांना वाटलं साप निघाला.

पाइप स्लॅबमधून खाली जातो तिथं पाइप आणि काँक्रीटमध्ये फट पडलेली, पाणी तिथून शिरून माळ्याच्या भिंतीवरून हॉलमध्ये उतरत होतं. म्हणजे गळतंय एका जागी, दिसतंय सहा फूट लांब. तो म्हणाला गळतीचं हे नेहमीचंच, पाणी शिरतं तिथं दिसत नाही.

जाता जाता त्यानं वजनाचं गणित सांगितलं ते मला फार पटलं. भावजींचा रिपोर्ट मी त्याला दाखवला होता, तर म्हणाला, ताजा भुसभुशीत बर्फ हलका असतो, फूटभर थर म्हणजे चौरस मीटरला तीसेक किलो, पण तोच दबून जुना झाला की पंच्याहत्तर-शंभर किलोवर जातो. आणि तुमच्या गच्चीवर पाइप तुंबून चार बोटं पाणी साठलं की तेही चौरस मीटरला पंच्याहत्तर किलोच! म्हणजे तिकडं त्यांच्या डोक्यावर फूटभर जुना बर्फ आणि इथं आपल्या डोक्यावर चार बोटं पाणी, सारखंच. आमची गच्ची साधारण शंभर चौरस मीटर, म्हणजे साडेसात टन. गच्चीला जिना असेल तर डिझाइन करताना चौरस मीटरला दीडशे किलो वापराचा भार धरतात, त्यामुळं लगेच काही कोसळत नाही, पण जुना स्लॅब, गंजलेले गज, वर हजार लिटरची टाकी आणि त्यावर हे साठलेलं पाणी म्हणजे उगीच परीक्षा बघायची. आपल्या आयएस ८७५ मध्ये (इमारतीवर किती भार धरायचा ते सांगणारं भारतीय मानक) बर्फाच्या वजनासाठी वेगळा चौथा भाग आहे हेही त्यानं सांगितलं, ते ऐकून सुभेदार काका जाम खूश, जणू त्यांनीच लिहिलाय.

रिपोर्ट चार दिवसांत आला, बावीस पानं, लाल-पिवळ्या-हिरव्या खुणा. लाल दोनच, पाइपची फट आणि बॉलकॉक. पिवळ्या पाच, त्यात पॅरापेटमध्ये उगवलेला पिंपळ (मुळासकट काढा, नुसता तोडू नका), किचनच्या खिडकीवरच्या छज्जाची भेग, जिन्याच्या वरच्या पत्र्याचे जे-बोल्टचे वायसर कडक होऊन चिरलेले, असं. गवंडी आमचा नेहमीचाच, त्याला रिपोर्टचे फोटो दाखवले, त्यानं पाइपभोवती कोबा फोडला, फट साफ करून पॉलिमरचा माल भरला, उतार नीट केला, तोंडाला जाळी, नवीन बॉलकॉक, ओव्हरफ्लोला पाइप जोडून थेट खाली. सगळं मिळून साडेसोळा हजार.

आता यातसुद्धा जीव गेला असता. २०२५ चा मे कुणी विसरणार नाही, मिरगाची वाट कोण बघतंय, मान्सून २६ मेला मुंबईत हजर, आणि आपल्याकडं त्याच्या आधीच वळीव समजून सोडून दिलेला पाऊस रोज धो-धो. आमचा कोबा फोडलेला आणि वरून पाऊस! तीन दिवस ताडपत्री, विटा, परत ताडपत्री, मी शाळेला सुट्टी म्हणून दिवसभर आभाळाकडं बघत. एका दुपारी उघडीप मिळाली त्यात गवंड्यानं काम उरकलं. इंजिनिअरनं सांगितलं होतं दुरुस्तीनंतर दोन दिवस पाणी साठवून टेस्ट घ्या, ती टेस्ट वरुणराजानंच चार महिने घेतली. मी जुलैत रोज टॉर्च घेऊन माळ्यात डोकावत होते. कोरडा. ऑगस्ट कोरडा.

किचनचा छज्जा मात्र गळला. रिपोर्टमध्ये पिवळ्या खुणेत होता, आम्ही म्हणलं पुढच्या वर्षी बघू. त्याचा दोष त्याच्यावर नाही.

आता गावचं घर. मेढ्याच्या पुढं पाऊस म्हणजे काय ते तिकडच्यांना सांगायला नको, महाबळेश्वर डोंगरापलीकडंच, २०२१ च्या जुलैत तिथं चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पडला होता, साताऱ्यात अख्ख्या जून-जुलैत पडतो तेवढा म्हणा ना. घर मंगलोरी कौलांचं, सागाचे वासे, मागं पडवीवर पत्रा. तिथं हा इंजिनिअर ड्रोन उडवणार म्हणून मोठ्या तोऱ्यात आला आणि वारा असा सुटला की ड्रोन पेटीतच राहिला. कौलांवर चढायला नको म्हणाला, बरोबर आहे, फुटतात. मग शिडी लावून वळचणीपाशी डोकावला, दोन बाजूंचे फोटो काढले. त्यातल्या त्यात एक चांगलं केलं, भर दुपारी सगळी दारं-खिडक्या लावून अंधार केला आणि कौलांच्या फटीतून जमिनीवर कवडसे कुठं कुठं पडतात ते खडूनं आखले. एकोणीस कवडसे. त्याच्या वरची कौलं बदलायची.

भिंतीला एक जुनी आडवी-तिडवी भेग आहे, त्यावर फार वेळ घालवत होता, नाना म्हणाले बाळा ती कोयनेच्या भूकंपाची आहे, ११ डिसेंबर १९६७ ची, पहाटे आम्ही सगळे अंगणात पळालो होतो, तेव्हापासून तेवढीच आहे. तरी त्यानं भेगेच्या टोकाला पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहिली, पुढच्या वर्षी रेघेच्या पुढं गेली तर कळवा म्हणाला. हे आवडलं.

पण मग आला तात्या. गावात दर वर्षी शाकारणी करणारा, सत्तरीचा, चाळीस वर्षं आमचं घर तोच शाकारतो. तो खाली बसून तंबाखू मळत सगळं बघत होता. इंजिनिअर गेल्यावर म्हणाला, "कवडसं मी बी बघतो की, त्याला पावती कशाला लागती?" आणि उठून शिडी चढला, वळचणीकडच्या एका वाशाचं भिंतीवर टेकलेलं टोक कोयत्यानं टोचलं, कोयता दोन बोटं आत. वाळवी. बाहेरून वासा अगदी गुळगुळीत, रंग दिलेला. रिपोर्टमध्ये त्या वाशावर हिरवी खूण! मी त्याला फोटो पाठवला, त्यानं मान्य केलं, सॉरी म्हणाला, दीड हजार परत पाठवले. माणूस सरळ आहे याबद्दल वाद नाही. पण कौलारू घरात त्याचा हात बसलेला नाही हेही खरं. आणि बसणार कसा, कौलारू घरं तपासायची विद्या कॉलेजात कुठं, ती तात्याच्या टाचेत. तात्याची दोन्ही पोरं नवी मुंबईत माथाडी कामाला, शिडी धरायला पुतण्या येतो तोसुद्धा मोबाइल बघत.

(एकोणीसातली सात कौलं बदलून पंधरा दिवसांत वानरांनी परत फोडली. त्यावर इन्स्पेक्शनचा काही उपयोग नाही, तात्याचाही नाही.)

तक्रारी. एक, वेळ. दोनदा तारीख देऊन आला नाही, एकदा तर फोन पण नाही, मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून बसलेली. दोन, रिपोर्ट इंग्रजीत. नाना दहावी झालेले, गवंडी सातवी, वाचणार कोण? मी बोलल्यावर अकरा मिनिटांची व्हॉइस नोट मराठीत पाठवली, ती मात्र फर्स्ट क्लास, गवंड्यानं ती ऐकत ऐकतच काम केलं, मग आधीच मराठीत का नाही देत? तीन, पेट्रोलचे किती हे आधी सांगितलं नाही. चार, ड्रोन जाहिरातीत, प्रत्यक्षात पेटीत.

स्लॅबच्या घरासाठी पाचपैकी साडेचार. कौलारूसाठी दोन, तेही कवडशांचे आणि पैसे परत केल्याचे.

कुणाला करून घ्यायचंच असेल तर मार्च-एप्रिलमध्ये बोलवा, मे मध्ये त्याचा फोन लागत नाही आणि गवंडी तर त्याहून मिळत नाही. भावजी तिकडं बर्फाच्या आधी एकदा ऑक्टोबरला आणि बर्फ वितळल्यावर एकदा एप्रिलला बघून घेतात, आपल्याकडं पावसाच्या आधी पुरे, आणि मग मधे मधे पाइपच्या तोंडातला पालापाचोळा स्वतः काढायचा, त्याला इंजिनिअर लागत नाही. बोलावण्याआधी स्वतःच्या घराची गळती कधी सुरू होते, कधी थांबते, उन्हाळ्यात दिसते का, हे एका कागदावर लिहून ठेवा, त्याचा निम्मा वेळ वाचतो. आणि कुणीही आला, फुकट किंवा पैसे घेऊन, आणि खोलीतला डाग न बघता टेरेसवर गेला तर त्याला चहा द्या आणि पाठवा.

मिस्टरांना मी अजून उलट्या उताराचं पूर्ण सांगितलेलं नाही, रिपोर्टचं ते पान इंग्रजीत आहे आणि त्यांनी वाचलं नसावं असा माझा अंदाज आहे. चौथी बादली त्यांनी एप्रिलमध्येच आणून ठेवली होती, सीलबंद, जिन्याखाली पडलीय. गोडोलीत येऊन घेऊन जाणार असाल तर फुकट, फक्त शनिवार-रविवार सोडून या.